आबांना मी पाजलेली दारू

"हा दारुड्याचा मुलगा," भाऊसाहेब माईकवर म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उकिरड्यावरून उचलला आम्ही याला. आज बघा."

तीनशे माणसांनी बघितलं. छावणीतलं चर्च. वार्षिक मेळाव्यातली रविवारची सकाळची उपासना. डोक्यावर पंखे घरघरत होते. अंगात पांढरा शर्ट, भाऊसाहेबांच्या मुलाचा जुना, बाह्या मला आखूड. मान खाली घालून मी उभा. मान आधी खाली आणि मग हळूहळू वर, असं ठरलेलं होतं. तालीम झाली होती दोनदा.

टाळ्या पडल्या. लाजेची गोष्ट ही की मला त्या गोड लागल्या.

मग मी माईक घेतला आणि चार मिनिटांत माझ्या बापाला दारू पाजली.

"माझे वडील रोज दारू पिऊन यायचे. आईला मारायचे. आमच्या घरात चूल पेटायची नाही..."

पुढच्या बाकांवर बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मी चोरून मोजत होतो. एक, दोन, तीन. मनात म्हटलं, जमलं गड्या. चूल पेटायची नाही, या वाक्यानंतर थांबायचं होतं. श्वास घ्यायचा, शेवटच्या बाकाकडं बघायचं. भाऊसाहेबांनीच शिकवलेलं, म्हणजे आवाज मागपर्यंत जातो. मी थांबलो. शेवटच्या बाकाकडं बघितलं.

तिथं आबा बसले होते. माझा बाप. धुतलेलं धोतर, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, मांडीवर कापडी पिशवी. माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. एखादा अनोळखी माणूस काय बोलतोय ते नीट कळावं म्हणून बघतात ना, तसं.

माझ्या बापानं उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही.

मी काय करायला हवं होतं? माईक ठेवायला हवा होता. मी काय केलं? उरलेली दोन मिनिटं बोललो. पाठ होतं, तोंडातून आपोआप येत गेलं. शेवटी मान वर. टाळ्या.

दहा आज्ञा मला रविवार-शाळेपासून पाठ. त्यातल्या आईबापाचा मान राखायची एक आणि खोटं न बोलायची दुसरी, अशा दोन मी एका दमात मोडल्या होत्या. तेही चर्चमध्ये, वेदीसमोर, आखूड बाह्यांच्या शर्टात.

*

आबा कोण, ते सांगतो.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात. आम्ही मांग. आजोबांच्या काळात घराचा बाप्तिस्मा झाला, पण गावाच्या लेखी बाप्तिस्म्यानं काही फरक पडला नाही. मांगवाडा तिथंच राहिला, आम्हीही. आबा घायपाताचा वाख काढून दोर वळायचे. गाईची दावी, बैलांचे कासरे. नायलॉन आलं तसं ते काम गेलं, मग ऊसतोड, मिळेल ती मजुरी. पण एक दोर ते दरवर्षी नाताळाच्या आधी वळायचेच. आमच्या वाड्यावर पत्र्याचं प्रार्थनाघर आहे, त्याच्या घंटेचा. घंटा आबाच वाजवायचे. दर रविवारी, आजारी असले तरी. ऊस कारखान्याला जायची घाई असो, मुकादम शिव्या देवो, रविवारी आबा कोयता हातात धरायचे नाहीत. घंटा, उपासना, जेवण, झोप. सोमवारी पुन्हा काम.

हलगी पण वाजवायचे. एकदा पाटलाच्या वरातीत पोरांनी त्यांना धरलं. मांग आणि पीत नाही, ही काय भानगड? चौघांनी धरून तोंडात ओतली. आबांनी ती ज्यानं ओतली त्याच्याच अंगावर थुंकली, हलगी रस्त्यात ठेवली आणि घरी आले. त्यानंतर वर्षभर गावात त्यांना कुणी काम दिलं नाही. आमच्या घरात चूल पेटली नाही, ती त्या वर्षी.

म्हणजे माझ्या साक्षीतली चूल खरी होती. तिच्यामागचं कारण तेवढं मी फिरवलं.

*

आता मी कसा त्यांच्या तावडीत सापडलो ते. तावडीत म्हणतो, पण खरं तर मीच पळत पळत गेलो.

आयटीआय करून वाळूजच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागलो. पडेगावला खोली. तोंडात गुटखा, हातात मोबाईल, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोप. आबांसारख्या माणसाच्या पोटी मी कसा आलो, हा विज्ञानाला प्रश्न पडावा. छावणीच्या चर्चच्या मंडळीत भाऊसाहेब तरुणांची बैठक घ्यायचे. दर शनिवारी संध्याकाळी, त्यांच्या बंगल्यावर. मोठ्या कंपनीत मॅनेजर होते, निवृत्त झालेले. मंडळीच्या कमिटीत त्यांचा शब्द शेवटचा. जुनं ख्रिस्ती घराणं. पणजोबा काशीला शिकलेले शास्त्री होते आणि त्यांनी प्रभूला स्वीकारलं, हे ते दर दोन शनिवारांनी सांगायचे. आमच्या आजोबांनीही स्वीकारलं होतं, पण ते काशीला न जाता थेट.

पहिल्याच दिवशी मी शोभा केली. टेबलावर घडी घातलेला कापडी रुमाल होता. मला वाटलं, पाहुण्याला भेट. तोंड पुसलं, खिशात घातला, घरी नेला. पुढच्या शनिवारी कळलं तेव्हा धुऊन, इस्त्री करून परत आणला. भाऊसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रामाणिक आहे पोरगा." सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

भाऊसाहेबांनी एक वही दिली. समतोल वही. आठ रकाने: देव, घर, काम, शरीर, अभ्यास, मंडळी, विश्रांती, सेवा. रोज रात्री भरायची, शनिवारी दाखवायची. आयुष्य म्हणजे चाक, म्हणायचे. आठही आरे सारखे पाहिजेत. एक आरा आखूड झाला की चाक उड्या मारतं.

खोटं कशाला बोलू, वहीनं मला माणसात आणलं. गुटखा सुटला. पाचला उठायला लागलो. डिप्लोमाला प्रवेश घेतला. प्रार्थना आधी तोंडपाठ होती, ती खरी व्हायला लागली. हे सगळं त्या माणसानं केलं. तो नुसता वाईट असता तर सूड किती सोपा झाला असता!

पण शेवटचा रकाना, सेवा. आमच्या बैठकीत डॉक्टरांचा एक मुलगा होता. त्याच्या वहीत असायचं: सेवा – उपासनेत गिटार वाजवली. माझ्या वहीत: सेवा – टाकी धुतली.

शहरात नळाला पाणी आठवड्यानं. त्यामुळं बंगल्यांना जमिनीखाली खोलीएवढी टाकी. दर महिन्याला मी भाऊसाहेबांच्या टाकीत उतरायचो, गाळ काढायचो, भिंती घासायचो. आणि गायचो. टाकीत आवाज लई घुमतो. मला वाटायचं, आपण काय गातो राव! एकदा धीर करून म्हटलं, "भाऊसाहेब, मला पण गाण्याच्या गटात घ्या." ते म्हणाले, "तुझा सेवेचा आरा आधीच मजबूत आहे. लोभ नको." मी ते वहीत लिहून ठेवलं. लोभ नको. खाली रेघ पण मारली. लाल.

गाढव म्हणजे किती असावं!

*

मग वार्षिक मेळावा आला आणि भाऊसाहेबांनी ठरवलं की या वर्षी साक्ष मी द्यायची.

आमच्याकडं साक्ष म्हणजे प्रभूनं आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आधी मी कसा होतो, आता कसा आहे. मी लिहून नेली. गुटखा, झोप, मोबाईल. लहानपणी पाटलाच्या मळ्यातले पेरू चोरले होते, तेही घातले. परीक्षेत कॉपी केली होती, ते पण.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "यात अंधार नाही."

"आहे की. कॉपी."

"कॉपी काय अंधार आहे? लोकांना रडू आलं पाहिजे. घरी काय परिस्थिती होती? वडील?"

"दोर वळायचे."

"प्यायचे?"

"नाय."

"कधीच नाही?"

"कधीच नाय."

ते माझ्याकडं बघत राहिले. लहान मूल खोटं बोलतं तेव्हा मोठी माणसं बघतात तसे. "तुला लाज वाटते, मी समजू शकतो. पण प्रभूपुढं लाज कसली? आणि समजा, अगदी समजा, नसतील पीत. तुमच्या वस्तीतले इतर तर प्यायचे ना? तू त्या सगळ्यांच्या वतीनं बोलतोयस. तुझे वडील म्हणजे एक प्रतिनिधी."

प्रतिनिधी! माझा बाप कधी ग्रामपंचायतीत निवडून आला नाही, पण दारुड्यांचा प्रतिनिधी बिनविरोध.

तीन शनिवार हे चाललं. पहिल्या शनिवारी आबा "कधीकधी" प्यायला लागले. दुसऱ्या शनिवारी रोज. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मायला मारलं. मी प्रत्येक वेळी थोडा अडखळलो आणि प्रत्येक वेळी लिहून घेतलं. का? डॉक्टरच्या मुलासारखं पुढं उभं राहायचं होतं. माईक पाहिजे होता. टाकीच्या बाहेर कुणीतरी माझा आवाज ऐकावा, एवढंच. त्याची किंमत बाप होती, ती मी दिली.

आणि फुशारकी बघा. मायला फोन केला. "रविवारी छावणीच्या चर्चमधी माझी साक्ष हाय." काय बोलणार ते सांगितलं नाही. मला वाटलं, तिकडून येतंय कोण?

आबा आले. पहाटेच्या जीपनं गंगापूर, तिथून एसटी.

*

उपासना संपली. आवारात चहा. मी आबांपर्यंत पोचायच्या आत भाऊसाहेब पोचले. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, हे वडील.

"बाबा! तुम्ही आलात! प्रभूची किती कृपा!" त्यांनी आबांचे दोन्ही हात हातात घेतले. भोवती माणसं जमली. मघाशी रडलेल्या तिघी पण. "मग? आता सोडली ना?"

मी तीन पावलांवर होतो. हातात चहाचा कागदी कप. आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांना "मी कधी घेतलीच नाही" म्हणता आलं असतं. चारच शब्द लागले असते. पण मग तीनशे माणसांसमोर त्यांचा मुलगा लबाड ठरला असता.

"सोडली, साहेब," आबा म्हणाले.

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले, मी बघितलं. त्यांनी आबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. या पाप्याला पुन्हा मोहात पडू देऊ नकोस. याच्या घरातली बाटली फोड. आबांची मान त्या हाताखाली वाकत गेली. जी मान चौघांना धरूनही वाकवता आली नव्हती, ती मी एकट्यानं वाकवली. प्रार्थना संपल्यावर आबा "आमेन" म्हणाले. सगळ्यांत स्पष्ट.

मग त्यांनी पिशवीतून दोर काढला. नवा, घायपाताचा, पांढराशुभ्र. "तुमच्या घंटंसाठी आणला व्हता, साहेब. आमच्याकडं मीच वळतो."

"वा वा," भाऊसाहेब म्हणाले. तिथल्या घंटेला बटण आहे, दोर नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. दोर माझ्याकडं दिला. "माझ्या गाडीत टाक रे."

मी टाकला.

स्टँडवर आबांना सोडायला गेलो. एसटीत चढताना म्हणाले, "शर्टाच्या बाह्या आखूड हायेत. धड माप घेऊन शिवून घे." आणि गेले.

*

साक्षीची क्लिप मंडळीच्या ग्रुपवर गेली. तिथून कुठं कुठं गेली, प्रभूला ठाऊक.

कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर रफिक. तो एकदा माझ्यासोबत गावी आला होता, आबांच्या हातचं जेवला होता. डब्याच्या सुट्टीत त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला. "ये तूच है ना बे?"

"हां."

"तेरे अब्बा? वो तो मेरेकू चाय के साथ सुपारी भी नक्को बोले थे. बोले, नशे की कोई चीज नक्को बेटा." त्यानं मोबाईल खिशात घातला. "मेरे अब्बा के बारे में मैं ऐसा बोला रहता ना, तो मेरी मां मेरी जबान खींच के हर्सूल के तलाव में फेंकती." आणि डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

त्या दिवशी मी शरीराच्या रकान्यात लिहिलं: जेवलो नाही.

दीड महिन्यानं गावी गेलो. मुद्दाम उशीर केला, तोंड नव्हतं. रविवार होता. घंटा वाजली. पण तिचा सूर वेगळा. आबा एक टोला लांब ओढून सोडायचे. हिला कुणीतरी उगाच हिसके देत होतं. आणि आबा घरातच, खाटेवर.

मी मायकडं बघितलं.

"तुझ्या बापाची घंटा काढून घेतली," माय म्हणाली. "पंचांनी. म्हणले, दारुड्याच्या हातानं देवाची घंटा नको."

"अगं पण गावाला ठाऊक हाय की आबा..."

"काय ठाऊक हाय? गाव म्हणतंय, चोरून पीत आसंल. पोटचा लेक सांगतोय मंजी खरंच आसंल. पाटलाचा पोरगा परवा दारात येऊन हसून गेला. म्हणला, काय रं, आमची थुकली आन् घरी जाऊन पेलास व्हय?" तिनं भाकरी तव्यावर आपटली. "मला मारतो म्हणलास. दाखव की मपल्या अंगावरचा वळ. दाखव."

मी प्रार्थनाघरापर्यंत चालत गेलो. घंटेला निळा नायलॉनचा दोर. आबांचा दोर खाली कोपऱ्यात, गुंडाळून फेकलेला.

परत आल्यावर आबांना म्हटलं, "मी पंचांना सांगतो."

"काय सांगशील? तवा लबाड बोललो का आत्ता?" आबा भिंतीकडं बघत म्हणाले. "मी सोडली म्हणलो ते तुज्यासाठी. आता तुला काय बोलायचं ते तुजं तू बघ."

त्यांनी मला माफ केलं का? मी विचारलं नाही. विचारायची माझी लायकी नाही अजून.

*

शनिवारी भाऊसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "बरं झालं लवकर आलास. पाणी उद्या येणार आहे, टाकी रिकामी आहे."

टाकीच्या तोंडाशी बादली होती. बादलीला दोर. पांढरा घायपाताचा, आता गाळानं काळा पडलेला. आबांचा.

मी तो हातात घेतला आणि विचारलं, "भाऊसाहेब, ती क्लिप काढता येईल का? आणि पुढच्या रविवारी तुम्ही सांगाल का, की माझे वडील पीत नाहीत?"

ते खुर्चीत बसले. मलाही बसायला सांगितलं, पायरीवर. शांतपणे बोलले. तो माणूस कधी ओरडत नाही. "त्या साक्षीनं कितीजणांची आयुष्यं बदलली, तुला माहीत आहे? आता काय सांगू, की खोटी होती? आणि खोटी कशी? तुझे वडील स्वतः माझ्यासमोर म्हणाले. सोडली, साहेब."

"ते माझ्यासाठी म्हणले."

"अरे, असं बघ." ते हसले, मायेनं. "तुमच्यात कुणी पीत नाही, असं कधी झालंय का?"

तुमच्यात.

दोन वर्षं मी आठ रकाने भरले. पहाटे पाचला उठलो. एकाच वेदीपुढं गुडघे टेकले, एकाच भाकरीतला तुकडा खाल्ला. आणि इतक्या सगळ्यातून तो शब्द जसाच्या तसा बाहेर आला. त्यांना साक्ष लिहून घ्यायची गरजच नव्हती. ती माझ्या जन्माआधीच त्यांच्या डोक्यात लिहिलेली होती. मी फक्त आवाज दिला. टाकीत घुमवलेला आवाज.

बादलीची गाठ सोडली. दोर गुंडाळून खांद्यावर टाकला.

"टाकी?" ते म्हणाले.

"तुमच्यातलं कुणी उतरवा," मी म्हटलं.

आयुष्यातलं माझं पहिलं बरं वाक्य. गेटपर्यंत ऐटीत चाललो. तिथं आठवलं, चप्पल टाकीपाशीच राहिली. परत गेलो नाही. पडेगावपर्यंत अनवाणी. रस्ता तापलेला. पायाला फोड आले. शोभा माझी पाठ सोडत नाही, पण त्या दिवशी तिनं निदान मागं तरी फिरू दिलं नाही.

*

आमच्या मंडळीत एक जुना रिवाज आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणीही उठावं आणि साक्ष द्यावी. साक्ष चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नाही. पाळकांनीसुद्धा नाही. भाऊसाहेबांनीच आम्हाला शिकवलं होतं, साक्ष देणाऱ्याला अडवणं म्हणजे पवित्र आत्म्याला अडवणं.

शेवटचा रविवार आला. मी पहिल्या बाकावर बसलो. स्वतःच्या मापाचा शर्ट घालून. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची साक्ष? मी उठलो. दोर खांद्यावर. भाऊसाहेबांनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं, आपला पोरगा सुधारला.

माईक हातात आला. तोंडातून काय निघावं? "माझे वडील रोज दारू पिऊन यायचे..."

पाठ केलेलं. घात. पुढच्या बाकावरच्या बायकांनी लगेच पदर सावरला.

"थांबा," मी म्हटलं. "हे खोटं आहे. मागच्या वेळी पण खोटं होतं. माझ्या बापानं दारूला कधी हात लावला नाही. हे खोटं मी तीन शनिवार भाऊसाहेबांच्या घरी बसून लिहिलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. दोघांचं पाप आहे. माझं मी कबूल करतो. ते बसलेत समोर. माझा बाप म्हणाला सोडली, कारण मला लबाड ठरवायचं नव्हतं. त्याच्या हातातून घंटा गेली. हा दोर त्याचा. यानं भाऊसाहेब टाकीतला गाळ उपसतात."

कुणी टाळी वाजवली नाही. पंखे. कुणीतरी खोकलं. मघाशी पदर सावरलेली बाई मोबाईलमध्ये बघायला लागली.

भाऊसाहेब उठले. माझ्याजवळ आले. चेहरा दुःखी, आवाज मऊ. "आपण सगळे या तरुणाच्या मनातल्या कडवटपणासाठी प्रार्थना करू या." आणि त्यांचा हात वर उचलला गेला. माझ्या डोक्यावर यायला निघाला.

मी मनगट हवेतच धरलं.

फिटरचा हात आहे. पकड बसली की बसली. "हात नको, भाऊसाहेब. माझ्या बापाच्या डोक्यावर ठेवलेला आधी उचला."

मी जोर लावला नाही. पण सोडलाही नाही, त्यांनी स्वतःहून खाली घेईपर्यंत. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा एक गोष्ट बघितली. भीती नव्हती. किळस होती. हात ठेवायचे ते; आज मी त्यांना शिवलो होतो. बरं वाटलं. लई बरं वाटलं. त्यासाठीही मला पश्चात्ताप करायला सांगितलंय पाळकसाहेबांनी. अजून केलेला नाही.

*

क्लिप अजून आहे. काढली नाही. भाऊसाहेब आता बैठकीत नवी साक्ष सांगतात म्हणे: एक मुलगा होता, उकिरड्यावरून उचलला, वर आणला आणि तो गर्वानं पडला. रडतात म्हणे लोक. माझ्या अंधाराला त्यांच्याकडं कधी तोटा नव्हता.

गावातले पंच एकदा घरी येऊन गेले. म्हणाले, झालं गेलं, घंटा घे. आबा म्हणाले, "ज्यानं माज्या तोंडाला लावली, त्यानं यावं आन् पुसावं. मग बघू." म्हणजे दोघांनी, मी आणि भाऊसाहेबांनी. मी तर येऊनच आहे.

पाळकसाहेब मला क्षमेबद्दल समजावतात. भला माणूस आहे. म्हणतात, याला न्याय म्हण, सूड म्हणू नकोस. मी म्हणतो, नाय साहेब, सूडच म्हणू द्या. न्याय मागायला कुणाच्या तरी पायरीवर बसावं लागतं, तिथं मी बसून आलोय. क्षमा करीन. मागायला कुणी आलं की त्याच दिवशी करीन. न मागितलेली क्षमा मी वाटत फिरणार नाही.

वही अजून भरतो. आठही रकाने. भाऊसाहेबांनीच शिकवलं, एक ध्येय धर, रोज थोडं, न चुकता, मध्येच सोडायचं नाही. बरोबर शिकवलं. त्यांच्या शिकवणीतला सगळ्यांत चिकाटीचा विद्यार्थी मीच निघालो, याचं त्यांना आता दुःख होत असणार. पाचला उठतो. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे. रविवारी कंपनीनं ओव्हरटाइम दिला तरी घेत नाही, आबा घ्यायचे नाहीत म्हणून. प्रार्थनेत प्रभूला एकच सांगतो, हा माणूस दीर्घायुषी होऊ दे. माझं काम व्हायच्या आत मरू देऊ नको त्याला.

आणि सेवेच्या रकान्यात, महिन्यातून एकदा: उभा राहिलो.

सात वेळा राहिलोय. तीच साक्ष, तेच शब्द, आता न अडखळता. लोक कंटाळलेत. काहीजण शेवटच्या रविवारी येतच नाहीत. गिटारवाला उठून बाहेर जातो. कमिटीनं रिवाज बंद करायचं ठरवलं तर मी आवारात उभा राहीन. आवारातून काढलं तर फाटकाबाहेर. फाटकाबाहेरचा रस्ता कमिटीचा नाही.

माझं काम एवढंच: भाऊसाहेबांनी आमच्या गावी यायचं. स्वतःच्या गाडीनं यावं, नाहीतर जीपनं. रविवारी, घंटेच्या वेळी. पत्र्याच्या प्रार्थनाघरात सगळ्या वाड्यासमोर उभं राहायचं, मान खाली, नंतर वर करायची गरज नाही. म्हणायचं, हा माणूस कधी प्याला नाही, मी पाजली. मग निळा नायलॉन सोडायचा आणि हा दोर स्वतःच्या हातानं घंटेला बांधायचा. गाठ कशी मारायची ते आबा शिकवतील.

तोवर दोर माझ्याकडं आहे. गाळ धुऊन काढलाय, पण काळा डाग गेला नाही. राहू दे. उद्या शेवटचा रविवार. साडेआठची उपासना. पहिला बाक.